मडके मांडीवर होते

आमच्या घराण्यात एक गोष्ट सांगितली जाते आणि ती खोटी आहे. लग्नाच्या मांडवात, बारशाच्या पाळण्याशी, इतकेच काय, एका तेराव्याच्या पंगतीतही ती सांगितली गेली आहे. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यांनी माझ्याकडे पाहून हसून घेतले आहे. गोष्ट अशी, की येळवशीच्या फेरीत मी अर्ध्या वाटेवर बांधावर बसलो आणि आंबिलाचे मडके भुईला टेकले. यातले पहिले विधान सत्य आहे. मी बसलो. दुसरे विधान धादांत असत्य आहे. मडके माझ्या मांडीवर होते. पहिल्या विधानावरून दुसरे सिद्ध होत नाही, एवढे गणित मी नांदेडच्या शाळेत पिढ्यान्पिढ्यांना शिकवले. घरच्यांना शिकवायचे तेवढे राहून गेले.

लातूरकडच्या माणसाला येळवस समजावून सांगावी लागत नाही, इतरांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडची गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, खीर यांवर तुटून पडायचे. वाटेने जाणारा अनोळखी माणूससुद्धा त्या दिवशी जेवल्यावाचून सुटत नाही. जेवणे उरकली की घरातला थोरला पुरुष आंबिलाचे मडके घेऊन शेताला वळसा घालतो आणि ज्वारीच्या पानाने ते पिकावर शिंपडत जातो. आंबील म्हणजे ताकात शिजवलेले ज्वारीचे पीठ. काही गावांत ही फेरी जेवणाआधी होते. त्यांचे चुकते, पण तो वाद येथे नको. आमच्या घरचा नियम एवढाच, की फेरी पुरी होईपर्यंत मडके भुईला टेकता कामा नये. टेकले, की फेरी मोडली.

वडिलांनंतर हे मडके माझ्याकडे आले, कारण थोरला मी. मी नांदेडला स्थायिक झालो, धाकट्या भावाने लातूरकडच्या मुरुडजवळची शेती सांभाळली. पण येळवशीला मी गेलो नाही असे एकही साल नाही. त्या वर्षी मात्र ओढा ओलांडून चढाला लागलो आणि धाप लागली. डोळ्यांपुढे हरभऱ्याचे शेत एकदा उजवीकडे कलले, एकदा डावीकडे. शहाण्या माणसाने जे करावे तेच मी केले, बांधावर बसलो. मागून येणारा भाऊ असा ओरडला, की पलीकडच्या शिवारातल्या पंगती थांबल्या.

"टेकलं! दादा, मडकं टेकलं!"

"मांडीवर आहे. डोळे तपासून घे."

"माझे डोळे लई चांगले हायेत. तूच हरभऱ्यावानी हिरवा पडून राहिलास!"

कोपीशी परतल्यावर त्याने सगळ्यांसमोर जाहीर केले, "पुढल्या साली मडकं मी घेतो. दादाचं वय झालं." हा मनुष्य माझ्याहून अवघ्या तीन वर्षांनी लहान आहे. बायका हसल्या, जावई हसले आणि माझ्या सौभाग्यवतीने मान डोलावली. ती मान मी विसरलेलो नाही.

नांदेडला परतलो, तो सरळ दवाखान्यात. डॉक्टरीण बाई माझी जुनी विद्यार्थिनी, उमरीची. रक्ताचा अहवाल तिने माझ्यापुढे असा धरला, जसा मी एके काळी तिच्यापुढे उत्तरपत्रिका धरीत असे.

"सर, दिवसभरात काय काय खाता?"

"विशेष काही नाही."

"हे उत्तर मी तुमच्या तासाला दिलं असतं, तर तुम्ही मला बाकावर उभं केलं असतं. चहा किती?"

"सकाळी एक."

"आणि मग?"

"मग जो येईल त्याच्याबरोबर."

खुर्चीत बसलेली सौभाग्यवती म्हणाली, "आणि कुणी नाही आलं, तर हे गेटावर उभं राहून बोलावून आणतात."

डॉक्टरीण बाईने हसू दाबले. साखर काठावर होती, रक्तदाब काठ ओलांडायच्या बेतात होता आणि पोटाविषयी अहवालाची गरजच नव्हती. गोळी आज देत नाही, तीन महिन्यांची मुदत देते, ती म्हणाली. मग तिने एक विचित्र प्रश्न विचारला. "सर, तुम्हाला नेमकं कशासाठी बरं व्हायचंय?"

"मडक्यासाठी."

उमरीच्या मुलीला येळवस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी सगळी हकीकत सांगितली आणि मडके मांडीवर होते हेही सांगितले. तिने ते नोंदवून घेतले नाही, याचे मला वाईट वाटले. पण सगळे ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे भरल्या पोटी चालायचं असतं, तेही ओझं घेऊन. मग औषध तेच. दोन्ही वेळचं जेवण झालं, की आडवं व्हायचं नाही, चालायला लागायचं. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर पायांच्या कामी येते. आणि साखर बंद केली म्हणून गूळ सुरू करायचा नाही."

"ज्वारीची भाकरी चालते ना?"

"चांगलीच चालते. किती खाता?"

"पथ्याची म्हणून मोजत नाही."

"गणिताचे सर!" एवढेच ती म्हणाली. मला खाली पाहावे लागले, ते चष्मा पुसण्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून जेवण झाले, की मी पाण्याने भरलेले मडके दोन्ही हातांनी पोटाशी धरून आमच्या वसाहतीच्या गल्ल्यांतून निघू लागलो. नुसते चालणे मला कधी आवडले नाही. ते बेकार माणसाचे काम वाटते. हातात मडके असले, की चालण्याला इज्जत येते. पहिल्याच दुपारी अनर्थ झाला. नळाला पाणी न येण्याचे ते दिवस होते. निवृत्त मास्तर भर उन्हात भरलेले मडके घेऊन लगबगीने घराकडे चालले आहेत, हे पाहून गल्लीने एकच अर्थ काढला. समोरच्या वहिनी दोन बादल्या घेऊन धावल्या. त्यांच्यामागे कोपऱ्यावरचे वकील पंचा गुंडाळलेले, हातात ॲल्युमिनियमचे पातेले. त्यांच्यामागे घागरी, कॅन, एक पिंप.

"सर, टँकर कुठं थांबलाय?"

"टँकर नाही. मी व्यायाम करतो आहे."

त्यांना ते पटले नाही. मास्तर पाण्याची जागा सांगत नाहीत, अशी बातमी संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्यांत पसरली. काही माणसे आठवडाभर माझ्या मागोमाग फिरत. अशा रीतीने डॉक्टरांच्या सल्ल्याचा लाभ आमच्या वसाहतीतील बऱ्याच कुटुंबांना झाला, आणि त्याचे श्रेय मला आजतागायत कोणी दिलेले नाही.

तीन महिन्यांनी साखर काठाच्या आत आली, पुढच्या तपासणीतही आतच राहिली, आणि पोट एवढे उतरले की धोतर नेसताना निऱ्यांना कापड उरू लागले. आता यश मिळाले की त्याला धनी पुष्कळ होतात. त्यांचे दावे येथे निकाली काढणे मला आवश्यक वाटते.

सौभाग्यवतीचे बयान असे, की तिने गुळाचा डबा लपवला म्हणून मी सुधारलो. डबा पापडांच्या पिंपामागे होता. मला तो पहिल्याच दिवशी सापडला. तरीही मी तो उघडला नाही. एकदाच उघडला, तोही मुंग्या लागल्या आहेत का हे पाहण्यासाठी. म्हणजे पराक्रम लपवणाऱ्याचा, की सापडूनही सोडून देणाऱ्याचा?

चिरंजीवांचे म्हणणे, की त्यांनी माझ्या मनगटावर बांधलेल्या घड्याळाने मला चालते केले. हे घड्याळ पावले मोजते म्हणतात. मी भावाशी फोनवर भांडताना हातवारे करीत असे, ते सगळे त्याने पावलांत धरले. खाटेवर बसल्या बसल्या मी एकदा लोहा गावापर्यंत पोचलो होतो. असल्या साक्षीदाराला मी कोर्टात उभे करणार नाही.

मैदानावरच्या सकाळच्या मंडळाचा दावा तर सर्वांत हास्यास्पद आहे. हे गृहस्थ मैदानाला फेऱ्या घालतात, हात वर करून सामुदायिक हसतात आणि मग सगळे मिळून कोपऱ्यावरच्या गाड्यावर जाऊन गरम कचोरी खातात. "सर, आता घाम गाळलाय, आता हक्क आहे," असे त्यांचे अध्यक्ष मला म्हणाले. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. कचोरी उत्तम असते.

राहता राहिली सूनबाई. ती नायगावची, कमी बोलणारी, म्हणून धोकादायक. तिने काहीही जाहीर न करता ताटाची मांडणी बदलली. आधी काकडी, गाजर, मोडाची मटकी. ते संपले की पालेभाजी आणि घट्ट वरण. भाकरी सर्वांत शेवटी, तीही ताटाच्या एका कोपऱ्यात अपराध्यासारखी बसलेली. भाकरीपर्यंत पोचेतो भूक निम्मी झालेली असे. ही तिची युक्ती म्हणून घरात गाजते. वास्तविक माझी आई शेतात न्याहारीला आधी हरभऱ्याची हिरवी भाजी आणि कांदाच पुढे करीत असे, कारण भाकरी बेताची होती. युक्ती जुनी आहे. तरी सूनबाईंचा दावा मी अंशतः मान्य करतो, आणि अंशतः हा शब्द तिने नीट वाचावा.

एक गोष्ट मात्र त्या वर्षभरात मी स्वतःच्या बुद्धीने शोधून काढली. येळवशीच्या पदार्थांत वाईट काही नाही. भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, मेथी, वांगी, गाजर, सगळे एका भांड्यात. आंबील म्हणजे आंबवलेले ताक आणि ज्वारी. उंडे बाजरीचे. डॉक्टरीण बाई ज्याची शिफारस करते, ते आमच्या पूर्वजांनी सणाचे अन्न म्हणून ठरवले होते. बिघाड आहे तो आग्रहात. आमच्याकडे ‘बास’ हा शब्द कोणी ऐकूनच घेत नाही. ताटावर हात आडवा धरावा तर हातावर वाढतात. मी स्वतः या कलेतला नामांकित माणूस आहे. माझ्या वाढण्यातून जिलबी न खाता उठलेला व्याही अजून जन्माला यायचा आहे. म्हणून आग्रहातून सुटण्याची वाटही मलाच सापडली. वाढप्याला कोणी आग्रह करीत नाही. पंगत बसली, की बादली आपण उचलायची. चालणे होते, मान मिळतो, आणि शेवटी आपण बसेपर्यंत खीर संपलेली असते.

येळवस आली. मी अहवाल खिशात घालून गावी गेलो. अहवाल कोणी मागितला नाही, तरी दाखवला.

पंगत बसताच मी खिरीची बादली घेतली. भावजय म्हणाली, "भावजी, तुमी बसा की. पाव्हण्यानं वाढायचं का?"

"मी पाहुणा नाही. या घरचा थोरला आहे."

भाऊ पंगतीतून म्हणाला, "वाढू दे गं त्येला. मास्तर रिटायर झाले, आता वाढपी झाले."

मी त्याच्या ताटात खीर घातली. पुन्हा वळून आलो, पुन्हा घातली. तिसऱ्या खेपेला त्याने हात आडवा केला. "बास, दादा."

"बास? वय झालं वाटतं."

त्याने हात काढून घेतला. भावजयीने पुढे या प्रसंगाचे मोठे भांडवल केले. मी कपटाने त्याला खाऊ घातले, म्हणजे मडके माझ्याकडे राहावे, असा तिचा आरोप आहे. हात त्याने स्वतः काढला. माझ्या बादलीत फक्त खीर होती, जबरदस्ती नव्हती.

पंगत उठली. मी मडके उचलले. तोही उठला. "मी मागं ऱ्हातो. औंदा नीट बघतो."

"जवळून बघ."

सुरुवातीचा बांध सरळ आहे. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला करडई. मी मडके डाव्या कडेवर घेतले, पान बुडवले, शिंपडत निघालो. पाय हलके होते, श्वास माझ्या ताब्यात होता. मला गाणे म्हणावेसे वाटत होते, पण पुराव्यात गोंधळ नको म्हणून म्हटले नाही. मागून त्याची बडबड चालू होती. ती हळूहळू विरळ झाली. ओढ्याच्या अलीकडे तो म्हणाला, "थांब, पाणी पितो." प्याला. ओढ्याच्या पलीकडे पुन्हा प्याला. मग बाभळीमागे जाऊन आला. थोडे पुढे गेलो, तर पुन्हा बाभूळ शोधू लागला.

"काय रे, सगळ्या शिवाराला पाणी देतोस का?"

"थंडी हाय," तो म्हणाला. ऊन टळटळीत होते.

चढ लागला. हीच ती जागा. गेल्या वर्षी मी जिथे बसलो, तो बांधावरचा दगडही मला ओळखू आला. मी न थांबता वर चढलो आणि विजयी मुद्रेने मागे वळून पाहिले. भाऊ त्याच दगडावर बसला होता. मी काय काय बोलणार होतो, ते वर्षभर तयार करून ठेवले होते. पण माझी नजर त्याच्या पायांवर गेली.

"तुझी चप्पल कुठं आहे?"

"पायात हाय की."

उजव्या पायात होती. डावा पाय उघडा होता, काळ्या मातीने आणि रक्ताने माखलेला, आणि टाचेच्या वर बाभळीचा काटा आत गेलेला दिसत होता. त्याने खाली पाहिले. आपलाच पाय तो दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा पाहत राहिला. चप्पल बहुधा ओढ्यातच राहिली होती. तिथून इथवर तो एका पायाने अनवाणी आला होता आणि त्याला ते कळले नव्हते.

"दुखत नाही?"

"न्हाई." मग खालच्या आवाजात म्हणाला, "दिवाळीपासनं पायाला कळंना झालंय, दादा. कापसावर चालल्यावानी वाटतंय. रातीला मुंग्या येत्यात."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? तुला सांगावं, तर तू हसशील."

मी हसलो नाही, हे येथे स्पष्ट नमूद करतो. मला वडील आठवले. त्यांच्या पायाला एक जखम झाली होती, ती अखेरपर्यंत भरली नाही. त्या काळी साखर दुकानात असे. रक्तात असते हे आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हते. काटा लागला, चिघळला, असे म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. शेवटच्या येळवशीला पायाला फडके बांधून त्यांनी याच चढावरून मडके नेले होते आणि आम्ही दोघे भाऊ मागून चाललो होतो.

काटा काढायला दोन हात लागतात. माझ्या हातांत मडके होते.

"मडकं धर," मी म्हणालो.

"बसून?"

"बसून. मांडीवर घे."

त्याने हात पुढे केले आणि तसेच थांबवले. एवढ्या अवस्थेतही त्याच्या डोक्यात हिशोब चालू होता, ते मला दिसले. "मग फेरी मोडंल की."

"मोडते का? तूच सांग."

मी मडके धरून उभा. वारा ज्वारीतून येत होता.

"दादा, मांडीवर ठिवलं म्हंजी भुईला टेकलं न्हाई," तो शेवटी पुटपुटला.

"मोठ्यांदा."

"आधी काटा काढ की!"

"आधी बोल. गेल्या वर्षी मोठ्यांदाच बोलला होतास."

तो ओरडला, "मांडीवर हाय! टेकलं न्हाई!" पलीकडच्या शेतात कोपीशी पहुडलेला एक माणूस दचकून उठून उभा राहिला. त्या गृहस्थाची मी साक्षीदार म्हणून मनात नोंद केली. मग मडके भावाच्या मांडीवर दिले, खाली बसलो, काटा काढला, त्याच्याच बाटलीतल्या पाण्याने पाय धुतला आणि माझे उपरणे बांधले. एवढे होईतो त्याने एकदाही पाय ओढून घेतला नाही. लहानपणी काटा काढताना हाच मुलगा सगळे गाव गोळा करीत असे. तो ओरडला असता तर बरे झाले असते, असे मला वाटले.

माझ्या चपला मी त्याला घातल्या. त्या अंगठ्याला आखूड होत्या, याची तक्रार त्याने तिथेच केली आणि अजूनही करतो. उरलेली फेरी मी अनवाणी पुरी केली. ढेकळे चांगलीच टोचत होती आणि प्रत्येक ढेकूळ मला कळत होते.

कोपीशी सगळे वाटच पाहत होते. भावजयीने विचारले, "टेकलं का?"

"न्हाई," भाऊ म्हणाला. "मांडीवर व्हतं."

"कुणाच्या?"

"माझ्या."

हशा झाला. मी संधी साधली. "आणि गेल्या साली?"

त्याने माझ्याकडे पाहिले, मग बादलीकडे पाहिले आणि म्हणाला, "खीर उरलीय का?" तिथल्या तिथे मी त्याला सांगितले, की खीर संपली आणि उद्या सकाळच्या गाडीने तू माझ्याबरोबर नांदेडला येतोस. नाही आलास, तर आज चढावर काय ओरडलास आणि का ओरडलास, ते सगळ्या गावाला सांगेन. तो आला.

डॉक्टरीण बाईने त्याच्या तळपायाला वेगवेगळ्या ठिकाणी हलका स्पर्श करून डोळे मिटून ओळखायला लावले. बरेच त्याला ओळखता आले नाही. त्याची साखर काठावर वगैरे नव्हती, काठ केव्हाच मागे पडला होता. त्याला गोळ्या लागल्या. खिरीने एका दिवसात पाय बधिर होत नाहीत, त्याला वर्षे लागतात, हे बाईने भावजयीला फोनवर समजावून सांगितले. आरोप तरीही मागे घेतला गेलेला नाही. जखमेवर बाईने पट्टी बांधली, ती बरी होईतो चालणे बंद ठेवले, आणि नंतरचे नियम सांगितले. अनवाणी एक पाऊलही टाकायचे नाही. मागे पट्टा असलेल्याच चपला. आणि रोज झोपण्याआधी आरसा खाली ठेवून दोन्ही तळपाय पाहायचे, कारण पायाने सांगितले नाही तर डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

"सर, तुम्हीही पाहायचे," ती मला म्हणाली. "तुमच्या घरात हे आहे."

जखम भरून येईतो भाऊ आमच्याकडे राहिला. आता महिन्याआड तपासणीला येतो आणि येतो तेव्हा मुक्कामी असतो. संध्याकाळी जेवण झाले, की आम्ही दोघे बैठकीत सतरंजीवर बसतो, मधे सौभाग्यवतीचा कुंकवाचा आरसा, आणि आळीपाळीने पाय वर करून पाहतो. दारातून जाताना ती एकदा थबकली आणि म्हणाली, "काय बाई, नवरदेव तोंड सोडून पाय बघून राहिलेत!" भाऊ म्हणाला, "वहिनी, तोंडात आता बघण्यासारखं काय उरलंय?" मी या संवादात भाग घेतला नाही.

त्याची साखर उतरली आहे. तळपायाची जाण थोडीच परतली, सगळी परतेल असे बाई म्हणत नाही. जेवढी आहे तेवढी जपायची, असे म्हणते. गावाकडे तो भाकरी मोजून खातो आणि मोजलेली संख्या मला फोनवर सांगतो. ती खरी नसावी. पण चालतो, हे नक्की.

येळवस आता जवळ आली आहे, आणि त्याने नवा दावा लावला आहे. गेल्या साली चढावर मडके त्याच्याकडे होते, म्हणजे फेरीत त्याचाही वाटा आहे, सबब यंदा मडके त्याला मिळावे. मी त्याला सांगितले, की बसून धरणे आणि चालत नेणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. "मग गेल्याच्या गेल्या साली तू काय करून राहिला व्हतास?" असे तो म्हणाला. या युक्तिवादात मला दम वाटत नाही.

तरी परवा तो इथे आला, तेव्हा मी त्याला सरावाचे मडके दिले. जेवणानंतर आम्ही गल्लीतून निघालो. पाण्याने भरलेले मडके त्याच्या कडेवर, मी मागे. आता बादल्या घेऊन कोणी धावत नाही. टँकर खरोखर आला, तरी लोक म्हणतात, मास्तर फिरताहेत. कोपऱ्यावरच्या लिंबाशी त्याच्या चपलेचा पट्टा सुटला. तो थांबला, इकडेतिकडे पाहिले आणि पट्टा लावण्यासाठी मडके पाराच्या कट्ट्यावर ठेवले.

"टेकलं!" मी ओरडलो. वकील गॅलरीत आले.

"कट्ट्यावर हाय," भाऊ पट्टा लावता लावता म्हणाला. त्याने पट्टा घट्ट ओढला, बोट घालून पाहिले, पाऊल एकदा खाली दाबून पाहिले. "भुईला न्हाई."

कट्टा भुईत धरावा की नाही, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. माझ्या मते धरावा.